ओठ गोल करून

लिसी कुरियन म्हणाली, तुझा वी चुकतो.
दोन असतात. एकात वरचे दात खालच्या ओठाला टेकतात,
दुसऱ्यात ओठ गोल, मेणबत्ती विझवल्यासारखे.
आमच्या उदगीरच्या शाळेत एकच होता.
पाचवीत इंग्रजी लागलं तेव्हा
देशमाने गुरुजींनी तोच सगळ्यांना वाटून दिला
आणि तो पुरलाही एवढी वर्षं.
इथे दंतवैद्याच्या रिसेप्शनवर सहा वर्षं
वी विल कॉल यू म्हणत होते,
कुणी हटकलं नाही.
दाढ दुखणारा माणूस उच्चार ऐकत नाही.

आता एकोणचाळिसाव्या वर्षी
सोहारच्या बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सिग्नलला,
गाडीच्या आरशात बघून मी मेणबत्त्या विझवते.
शेजारच्या पिकअपमधला मासेवाला बघतो
आणि सभ्यपणे मान फिरवतो.

सराव पाठ क्रमांक अकरा. इयत्ता आठवी.
चाळीस मिनिटांचे कागदावर तुकडे केलेले,
पाच प्रस्तावनेला, बारा चर्चेला, उरलेली लेखनाला.
उद्दिष्ट: विद्यार्थी आपल्या गावाविषयी सहा वाक्यं लिहितील.
लिसी शेवटच्या बाकावर, मांडीवर निरीक्षणाचा तक्ता.
एसी असा घरघरतो
की मागच्या पोरांना मी मूकपटच वाटत असणार.

नमुन्याचं वाक्य मीच लिहिलं:
वी हॅव अ पोर्ट.
वाचताना ओठ गोल केले. जमलं.
शम्साने हात वर केला.
मिस, हू इज वी?

चेष्टा नव्हती. ती खरंच विचारत होती.
तिच्या आजोबांची होडी जिथे लागायची
तिथे आता कुंपण आहे.

टाचणात याला जागा नव्हती.
मार्कर उघडाच राहिला हातात, सुकत.
मग फळ्याच्या कोपऱ्यात, देवनागरीत,
या देशात बहुधा पहिल्यांदाच
किराणाच्या यादीबाहेर, मी लिहिलं:
आम्ही. आपण.
आम्ही म्हणजे, ज्याला सांगतोय तो बाहेर.
आपण म्हणजे, तोही आत.
इंग्रजीने दोघांना एकाच खोलीत झोपवलंय.
अरबीनेसुद्धा, हमद म्हणाला. नह्नु. बस.

पुढची पंधरा मिनिटं माझ्या हातात नव्हती.
हमद आणि त्याचे अकरा चुलतभाऊ: आम्ही.
शुक्रवारचा फुटबॉल: आम्ही,
पण गोलकीपर आला नाही तर आपण.
गणिताचा पेपर: आपण, एकमुखाने.
जोएलचा जन्म इथलाच,
वडील स्मेल्टरवर, व्हिसा दोन-दोन वर्षांचा.
त्याने पेन बोटांवर फिरवलं,
म्हणाला, मी रविवारी सांगितलं तर चालेल?
आणि बंदर?
शम्सा बराच वेळ गप्प. मग,
माशांचं आम्ही. जहाजांचं माहीत नाही.
अँड यू, मिस?

घंटा झाली.
मला इतकं हायसं वाटलं
की त्याचीच लाज वाटली.

तक्ता दुपारी मिळाला.
वेळेचं नियोजन: कच्चं.
उद्दिष्ट: साध्य नाही, सहा वाक्यं कुणीच लिहिली नाहीत.
मातृभाषेचा वापर: टाळावा.
उच्चार: सुधारणा आहे.
आणि चौकटीबाहेर, पेन्सिलीने,
तिच्या लिपीतले जिलबीसारखे दोन शब्द.
हे काय, मी विचारलं.
नम्मळ. ञंगळ.
अवर लँग्वेज ऑल्सो हॅज टू, ती म्हणाली.
यातला अवर कुठला, ते मी विचारलं नाही.
पाठ बारा बुधवारी, कर्मणी प्रयोग,
आणि प्लीज, फळ्यावर मराठी नको.
कागदी पेल्यातला करक चहा फार गरम होता.
दोघींनीही फुंकला,
ओठ गोल करून.