दंडार

धान निघालं की सिंदेवाहीकडे रात्री नाटकाच्या.
शेकोटीशी डोमाजी विचारतो,
"तू करतेस का वं तिकडं?"

मी सांगते: रुबिडियमचे मूठभरही नाहीत असे अणू,
लेझरनं चहूकडून दाबून गारठवलेले,
इतके, की त्यांच्यापुढे मुंगी धावरी.
मग त्यांना द्यायचं काम
प्रकाशाशी शर्यत लावणाऱ्या इलेक्ट्रॉनचं.
खरा इलेक्ट्रॉन सरळ जातानाही थरथरतो म्हणे,
पण इतका बारीक, इतका झटपट
की कुणी पाहिलेलं नाही.
माझे अणू तीच थरथर सावकाश करतात,
मागच्या बोऱ्यावरूनही दिसेल अशी.

"म्हंजे दंडारच."
हो. दंडारच.

तिसऱ्या अंकात डोमाजी राजा.
मलमलचा अंगरखा, डिसेंबर, एका बाजूची कनात फाटलेली.
लेकाची वार्ता येते
आणि त्याचे हात थरथरू लागतात.
शेंगा फोडणाऱ्या बायका थांबतात.
ती थरथर वार्तेची की गारठ्याची,
पडद्यामागून वाक्यं पुरवणाऱ्यालाही ठाऊक नाही.
माझ्या प्रयोगवहीत
हा रकानाच नाही.

पहाटे खोबरेल लावून रंग पुसताना
तो परत विचारतो,
"तुहे अणू नाइटचे किती घेतेत?"