कार्याचे स्वरूप

परंड्याच्या शाळेत मी इतिहास शिकवायचो.
कारणे लिहा : पाच गुण.
परिणाम लिहा : पाच गुण.
दोहोंच्या मधे काय असतं
ते कुठल्याच पेपरात आलं नाही.

बहात्तरच्या दुष्काळात मी पेन्शनचे अर्ज भरून द्यायचो.
खडीच्या कामावरून माणसं यायची,
बोटांना चिंध्या, चिंध्यांवर धूळ,
आणि जंगलात काढलेल्या रात्री सांगायची.

इमामसाब पटवेकर आपणहून आला नाही,
त्याला लोकांनी आणला.
सीनेकाठच्या करोडगिरी नाक्यावरचा जवान.
म्हणाले, ह्यानं गाडी सोडली
म्हणून फळी राहिली, फळी राहिली म्हणून गाव राहिलं.
पलीकडून आलेली सरकीची गाडी.
पोत्यांखाली बंदुका. सहा, सात, नऊ,
सांगणाऱ्यागणिक वाढणाऱ्या.
त्याच्या हातात सळई असायची, पोत्यांत खुपसायची.
त्या दिवशी खुपसली नाही.

का?

“काटा मोडला होता मास्तर, बाभळीचा.
बाजेवर बसून काढत होतो.
गाडी आली. हातानंच म्हणलं, जा.
अल्लाची मर्जी. त्यात माझं काय?”

त्या रात्री झोप लागली नाही.
कुठल्या शेळीनं कुठली शेंग खाल्ली असेल,
कुठल्या ओलीत लेंडी पडली,
तिकडं हैदराबादेत फर्मानं निघत होती
आणि इकडं एक काटा
निवांत टोकदार होत होता.
मला हे आवडलं, खोटं कशाला सांगू.
पोरांकडून कारणं घोकून घेणाऱ्याला
अचानक सुट्टी मिळाल्यासारखं.

पुढच्या खेपेला तहसीलच्या ओट्यावर विचारलं,
कुठला पाय?
“डावा.”
दिवाळीनंतर, बिडीला काडी देताना, सहज :
“उजवा.”

तिसऱ्यांदा मी विचारलं नाही.
तोच बघत राहिला माझ्याकडं.

“सात वर्षं नाक्यावर काढली.
सरकीची गाडी उताराला हुंदडत येते.
ही दबून येत होती.
चाकाचा आवाज ऐकला की कळतं.
हाकणारं पोरगं होतं, मिसरूडसुद्धा नाही.
बैलांकडं बघत होतं, माझ्याकडं नाही.
सळई हातातच होती, मास्तर.
वेळ होता. भरपूर वेळ होता.”

मग काटा कशाला?

चहावाल्याच्या पोरानं कप नेले.
पलीकडं कुणीतरी शिक्का मारत होतं, धप्, धप्.

“भादव्यात फौज आली, नबाबी बुडाली.
चौथ्या दिवशी त्यातलीच एक बंदूक
आमच्या गल्लीत आली.
माझा मेव्हणा पिंजारी.
हातात धनुकली, अंगावर कापूस,
दारात उभा राहून म्हणत होता, मला ओळखता की तुम्ही,
तुमच्या गाद्या मीच भरल्यात.”

बिडी विझली होती. तो ओढतच राहिला.

“ताम्रपट घेतला तर तेही घ्यावं लागतं.
दोन्ही एकाच गाडीतून आलं.
काटा कुणाचंच काही लागत नाही.
काटाच लिहा.”

अर्ज अजून माझ्या ट्रंकेत आहे.
नाव. वय. गाव.
कार्याचे स्वरूप, ह्या रकान्यात
मी ‘गाडी सोडली’ लिहून खोडलं,
‘उठलो नाही’ लिहून खोडलं,
आणि तिसरं काहीतरी,
जे आता मलाच वाचता येत नाही.

परवा तिकडून गेलो.
सीनेवर पूल झालाय. नाक्याच्या जागी रसवंती,
घुंगरू वाजतात, चिपाडाचा ढीग, माश्या.
उतरून नदीच्या कडेकडेनं बरंच चाललो,
लोकांना वाटलं असेल म्हातारा लघवीला गेला.

बाभूळ नव्हती.
तेव्हा होती का, विचारावं
असं कुणी दिसलं नाही.