दर तारखेला नऊशे

ठराव क्रमांक अकरा, सर्वानुमते:
पॅनेलवर एक वकील, दर तारखेला नऊशे,
झेरॉक्स त्यातच.
जाहिरात दोनदा दिली. अर्ज आला एक.

ॲड. पद्मजा इराबत्ती, अशोक चौक.
चादरीच्या दुकानावरून जिना, पायऱ्यांवर सुताची धूळ.
खालचा माग थांबला की
वर बाईंचा आवाज एकदम मोठा वाटतो.

मी मैंदर्गीचा लिपिक, बसप्पा हिरोळी.
पहाटेच्या एसटीत मांडीवर फाईल,
फाईलवर डबा, डब्यात कडक भाकरी नि शेंगाचटणी.
एक भाकरी बाईंची. ती बिलात धरत नाही.

दुधनीचे मुल्ला आणि कुर्डुवाडीच्या सरवदे मॅडम
कोर्टातल्या कडुनिंबाखाली भेटतात.
बाईंनीच जुळवून आणलंय:
जमेल तेव्हा तिन्ही गावांची तारीख एकाच मंगळवारी,
स्टँडपासून तिघांत एक रिक्षा.

समोर पुण्याचे दोन वकील, सीलबंद पाणी.
त्यांच्या अशिलाला आमचं बाजारपटांगण हवंय.
म्हणतात, जागा पालिकेची,
असा एक तरी कागद दाखवा.

चार रात्री मी दप्तरखान्यात.
नकाशा वाळवीनं खाल्लेला.
उरली होती बाजारपावतीची वही, सन एकाहत्तर:
शेळी एक, पंचवीस पैसे. बांगड्यांची पाटी, दहा पैसे.
खाली सही मल्लेशी चौगुल्याची.
त्याची पेन्शन शेवटपर्यंत अडकलेली.

बाईंनी कोर्टात वही वाचली, ओळ न ओळ.
शेळी, बांगड्या, शेळी, मडकी, शेळी.
साहेबांच्या टेबलासमोरून
सगळा बाजार चालत गेला.
पुण्याच्या वकिलानं उघडलेली बाटली पुन्हा बंद केली.

निकाल नाही. पुढची तारीख.

दरम्यान लेखापरीक्षणाचा आक्षेप आलाय:
वहीचं बाइंडिंग, रुपये साठ, पूर्वमंजुरी नाही.
आणि बाईंचं बिल मार्चपासून
'निधी उपलब्ध नाही' या शेऱ्याखाली.

मी विचारलं, बाई, सोडणार तर नाही ना आम्हाला?

चष्मा पुसत म्हणाल्या,
आई रोज हजार विड्या वळायची,
कारखानदार शंभर छाट काढायचा.
वकील करायचा तर महिनाभर चूल बंद.
नऊशे म्हणजे किती,
हे मला नका सांगू.

मग डबा ओढला. भाकरी मोडली, आवाज झाला नाही.
आज मऊ पडलीय हो, बसप्पा.

मी म्हणालो, आभाळ आलंय.