बत्तीस तारा

पहिनेच्या उतारावर खड्डा दिसला तेव्हा
ब्रेक दाबायची वेळ निघून गेली होती.
आवाज एवढासाच, अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा,
आणि मागचं चाक दर फेऱ्याला
ब्रेकला घासून विचारू लागलं:
आता? आता? आता?
टेम्पोत सायकल टाकून आले त्र्यंबक रोडनं,
मांडीला टोमॅटोचे क्रेट टेकलेले.
ड्रायव्हर म्हणाला, मॅडम,
एवढी बारीक चाकं घेताच कशाला.

मग आठ दिवस मी चाकंच बघत होते.
कॉलेज रोडच्या काचेच्या दुकानात
पन्नास मिलिमीटर खोल कार्बनची जोडी
छताला टांगलेली, काळी, जांभळासारखी चकचकीत.
किंमत ऐकली आणि
मिक्सर, शेगडी, आर्द्राच्या क्लासची फी
एका दमात आठवली.
मुलगा म्हणाला, वारा कापतात.
मी म्हणाले, गंगापूर धरणावरचा?
तो आडवा येतो रे. तो कापायचा नसतो,
त्याला खांदा देऊन जायचं असतं.
तो हसला नाही. बोटानं चाक फिरवलं फक्त.
फ्रीव्हील असं वाजलं,
जणू रातकिडे नोटा मोजतायत.

मी अंबडला क्वालिटीत आहे, एकोणीस वर्षं.
डायल गेजची सुई दोन घरांपुढं सरकली
की जॉब रिजेक्ट. लाल खूण. पुढचा.
माझ्या हाताखालून
गोल नसलेलं काही बाहेर जात नाही.
घरची गोष्ट वेगळी.

शेवटी भद्रकालीत गेले, इलियासचाचांकडे.
बोळ असा की सायकल आधी, मग मी.
त्यांनी चाक लावलं, खडू धरला,
घासलं तिथं पांढरी रेघ.
आऊट निघणार नाही, म्हणाले. रिम गेली,
हबही दमलाय. नवी जोडी बांधू.
कानामागची पेन्सिल काढली, वही उघडली:
वजन किती, ताई?

हे मला डॉक्टरांखेरीज कुणी
असं सरळ विचारलं नव्हतं.
बाकीचे नुसते बघतात.
बहात्तर, मी म्हणाले.
त्यांनी लिहिलं. मागं चोवीस तारा, म्हणाले. चालेल.

रात्री झोप नाही.
चोवीस तारा मोजून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून.
माझे सात किलो
त्यातल्या एकीच्याही नावावर नव्हते.
वणीच्या गडावरून नांदुरीकडं उतरताना,
पन्नासच्या वेगात, वळणावर,
ते सात किलो कुणी उचलायचे?
ड्रॉइंगवर एक आणि हातात दुसरंच
असा जॉब उद्या टेबलावर आला असता,
तर मी काय केलं असतं, माहीत होतं मला.

सकाळी शटर अर्धंच वर होतं.
वाकून आत गेले.
एकोणऐंशी, म्हणाले. आणि पाण्याच्या दोन बाटल्या.
चाचांनी वही उघडलीच नाही.
खिळ्याला नवी रिम लटकत होती.
सवयीनं भोकं मोजली. बत्तीस.
तुमच्या आधी मी चाकाला विचारलं होतं, ते म्हणाले,
आणि लगेच:
आठ तारांचे पैसे जास्त पडतील.

चौथ्या दिवशी पर्समधून डायल गेज नेलं.
ते चहा आणायला गेले तेवढ्यात
सुई रिमला टेकवली, चाक हळूच फिरवलं.
एक दशांश. एका जागी दोन.
अंबडला लाल खूण.
ते कप घेऊन आले तेव्हा
गेज परत पर्समध्ये होतं,
रुमालाखाली.

होळकर पुलावर पहिल्यांदा पूर्ण भार टाकून बसले,
एकोणऐंशी, बाटल्या धरून एक्याऐंशी.
खाली तारा टिंग करत सैलावल्या,
एक, मग दोन,
मग बराच वेळ काही नाही,
मग रामकुंडाच्या बाजूला वळताना
आणखी एक.