पाण्याच्या चालीनं

कार्तिक लागून आठ दिवस झाले होते.
पिंपळनेरच्या गाडीतून फाट्यावर उतरलो
तेव्हा सरमाडाच्या गंज्यांवर दव होतं अजून
आणि कांद्याच्या रोपाचा ओला, तिखट वास.

तीस वर्षं धुळ्याच्या कचेरीत
मी पाणी लिहिलं.
इतके दलघफू, इतका विसर्ग, इतकी गळती,
खाली सही, वर शिक्का.
पाणी चालताना पाहिलं नव्हतं.

बंधाऱ्यावर सुपडू अप्पा होता, पाटकरी.
गुडघ्यावर खोचलेलं धोतर, खांद्यावर फावडं,
कानावर विझलेली बिडी.
त्यानं मोरीत कोंबलेला चिंध्याचिखलाचा बोळा ओढला
आणि पांझरा एका हाताएवढी होऊन
पाटात उतरली.
"चाला साहेब," म्हणाला, "पानीसंगे."

मला वाटायचं पाणी धावतं.
नाही धावत.
आधी जीभ बाहेर काढून चाखतं,
मग थोडं सरकतं, मग एखाद्या भेगेत उतरतं
आणि बराच वेळ वर येत नाही.
आम्ही उभे.
मी घड्याळाकडे बघितलं तसा अप्पा म्हणाला,
"भुई तहानेल शे. पिऊ द्या तिले."

पाण्याच्या तोंडाशी काय काय होतं!
निंबाची पिवळी पानं,
दिवाळीतली एक पणती, न कलंडता तरंगणारी,
लवंगी माळेचा लाल कागद, सापाची कात,
अंडी तोंडात धरून पळणाऱ्या मुंग्या
आणि त्यांच्यासाठी मागोमाग साळुंक्या, बगळे,
पंगतीला न बोलावता आलेले.
एक धोबी पक्षी,
कुठून उत्तरेकडून नुकताच येऊन पोचलेला,
शेपटी वरखाली करत आमच्यापुढे चालला,
जसा काही पाट त्याच्याच देखरेखीत.

खालच्या फडात गहू, पलीकडे हरभरा,
एक फड यंदा पड, त्यात कुणाच्या तरी म्हशी.
मोटारसायकलवरचा एक पोरगा थांबला,
तोंड धुतलं, मिस कॉल पाहिला, गेला.
वाटेतल्या साऱ्या मोऱ्या लिंपून बंद.
बांधावरची माणसं
आपल्या शेतावरून पाणी पुढं जाताना
नुसती बघत राहिली.
"शेवटलाले पहिले," अप्पा म्हणाला.
"जोडेना काय, कव्हय बी पेई."

मी मनातल्या मनात लांबीला वेळेनं भागत होतो,
तेवढ्यात उंबराच्या मुळीनं पाणी अडवलं
आणि खेकड्याच्या बिळानं अर्धं पळवलं.
अप्पानं टाच दाबून बीळ बुजवलं.
कचेरीत मी याला गळती म्हटलं असतं,
एका रकान्यात, दोन दशांश स्थळांपर्यंत.
खेकडा दुसरीकडून बाहेर आला
आणि आमच्याकडे बघत बसला.

दुपारी करंजाखाली फडकं सोडलं.
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा बुक्कीनं फोडलेला.
आम्ही जेवलो तोवर पाणी पुढं निघून गेलं.
फार नाही,
दोन बाभळींपुरतं.

ऊन डोंगरामागं गेलं तसं हिव अंगाला लागलं.
शेवटच्या शेताशी केवळबाई
दुपारपासून बसून होती, कंदील शेजारी, न लावलेला.
"उनं का?"
"उनं."
एवढंच बोलले दोघं.
हात जोडणं नाही, हळदकुंकू नाही.
ती वाकली
आणि कोरड्या पाटात काढून ठेवलेल्या आपल्या चपला
उचलून बांधावर ठेवल्या.
मग फावडं घेऊन तिनं मोरी फोडली.

फाट्याकडे परतताना पुरता अंधार.
दिवसभराची वाट पाऊण तासात संपली,
मला जरा लाजच वाटली त्याची.
डाव्या हाताला पाट बुडबुडत होता,
मी निघालो होतो त्याच्या उलट दिशेला,
माझ्यासाठी अजिबात न थांबता.