टेस्टर

तारीख उलटी कशी करायची
हे मी आज पुन्हा शोधलं.
नऊ वर्षं झाली या कामात. दर वेळी शोधते,
चोरासारखी, स्क्रीन जरा तिरकी करून,
घरीसुद्धा, जिथे पाठीमागे फक्त भिंत आहे.

मे महिना. खामल्यातला दुसरा मजला.
रात्री दीड वाजताही भिंत
दुपार ओकत असते.
सकाळी मिहानमध्ये, काचेच्या त्या थंड डब्यात
तेवीस वर्षांचा अथांग वैरागडे
मी तीन दिवस धरून बसलेलं काम बघून म्हणाला,
"मॅडम, हे तर सिंपल आहे."
पोरगा वाईट नाही. डब्यातली आंब्याची फोड देतो.
पण ते 'तर'
वर्धा रोडभर माझ्यासोबत आलं,
स्कूटीच्या मागच्या सीटवर,
हेल्मेट न घालता.

एकेचाळीस तिकिटं उघडी.
सगळ्यांवर लाल अक्षरांत: तातडीचं.
मी मग एकालाही हात लावत नाही.
यादी वाचते. वरून खाली, खालून वर,
शाळेच्या फळ्यावर निकाल वाचावा तशी,
आपलं नाव नसणारच या खात्रीनं.
कधीतरी यांना कळेल, कधीतरी यांना कळेल,
हे वाक्य डोक्यात कूलरसारखं चालू असतं.
बंद पडलं तरच कळावं किती आवाज होता.

आणि कूलर खरंच बंद पडला.
पाणी चढेना. वाळ्याचा वास थोडा वेळ रेंगाळला,
मग तोही गेला.

बाबा उठून आले, बनियनवर.
एकतीस वर्षं लाइनमन. डाव्या हाताची करंगळी वाकडी,
तिच्याबद्दल बोलत नाहीत.
बनियनला खिसा नसतो, म्हणून
पायजम्याच्या नाडीत खोचलेला
पिवळ्या मुठीचा टेस्टर.

मी प्लग काढला. म्हटलं, काढलाय.
"हो," म्हणाले, आणि तरी टेस्टर लावला.
दिवा लागला नाही.
दुसऱ्या तारेला लावला. नाही.
मग बोर्डाच्या चालू भोकात घालून पाहिला,
टेस्टरच मेला नाही ना, म्हणून.

"बाबा, मी काढलाय ना प्लग."
"तू काढला वं. पण हाताले कोन सांगन?"

पंपाच्या जाळीवर चुन्यासारखा पांढरा थर.
जुन्या टूथब्रशनं घासत बसलो दोघं.
मी विचारलं, खांबावर भीती वाटायची?
इतक्या वर्षांनीही?
"रोज." ब्रश थांबला नाही.
"ज्याले वाटेनाशी झाली तो ढोमणे. आमच्याच गँगमधला."
पुढे बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

मग, जाळी उजेडात धरून,
"तुयं काय बिघडलं?"
एकेचाळीस गोष्टी, म्हटलं.
"ते राहू दे. अंधार कुठी आहे आत्ता?"

मी मोजलं. खरंच बसून मोजलं.
भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात
पावतीवर तारीख उलटी छापून येत होती,
आणि सकाळी आठला तिथे रांग लागते.
बाकी चाळीस ठिकाणी दिवे होते.
मिणमिणते. पण होते.

पंपानं दोन गुळण्या केल्या, पाणी चढलं.
बाबा झोपायला गेले,
टेस्टर माझ्या टेबलावर विसरून.

तारीख उलटी कशी करायची, मी पुन्हा शोधलं.
स्क्रीन सरळ होती.
चाललं.
तरी एकतीस डिसेंबर घालून पाहिला,
एकोणतीस फेब्रुवारी घालून पाहिली,
मग मुद्दाम एक चुकीची,
टेस्टरच मेला नाही ना, म्हणून.

तीन वाजले. भिंत गरमच.
चाळीस उरली.
उद्या अथांग म्हणेल, हे तर सिंपल होतं.
असेल.
छातीत ते अजून आहेच,
पिवळ्या मुठीत मावेल एवढं, तांबूस,
लागतं.