आंधळा कोपरा

सकाळी सात वाजता, शटर अर्धंच वर,
मी अनवाणी शोकेसमध्ये शिरते.
बाहेरून बघणाऱ्याला वाटावं
माशांच्या टाकीत बाई उतरली आहे.

नेजमी बेयचं दुकान गिरेसुनच्या उतारावर,
खाली काळा समुद्र, वर हेझलनटच्या बागा.
ऑगस्टात बागांतून पैसा उतरतो,
सप्टेंबरात लग्नं लागतात,
तेवढ्या दोन महिन्यांत वर्ष काढायचं.

म्हणून ठाऊक असलेलं सगळं मी वापरते.
भारी बांगड्या डोळ्यांच्या रेषेत,
पण डोळे कुणाचे? नवरीचे नव्हे, सासूचे;
सासू बुटकी असते, चार बोटं खाली घ्यायचं.
पिवळा दिवा सोन्याला, पांढरा हिऱ्याला,
दोन्ही एकत्र लावले तर दोघंही आजारी दिसतात.
किमतीच्या चिठ्ठ्या पालथ्या:
विचारायला माणूस आत येतो,
आत आला की चहा येतो,
आणि चहा संपेस्तोवर उठवत नाही.
काळ्या मखमलीवर काहीही महाग दिसतं,
माझा हातसुद्धा.

डावीकडे खांबामागे एक कोपरा आहे.
तिथे उजेड पोचत नाही,
तिथे ठेवलेलं आजवर काही खपलं नाही.
आम्ही त्याला आंधळा म्हणतो.

मार्चमध्ये निगार आली.
शाळेत माझ्या पुढच्या बाकावर बसायची,
तिची वेणी माझ्या वहीवर पडायची.
बाही वर करून तिने कडं काढलं,
त्रबझोनचं, सोन्याच्या तारेने विणलेलं, तीन बोटं रुंद.
लग्नात घाईघाईने चढवताना
त्याची कळ मीच वाकवली होती.
बेयनी ते तराजूत टाकलं.
तराजूला शाळा आठवत नाही.
"यंदा पीक चांगलं आलं तर परत नेईन,"
पावतीची घडी घालत निगार म्हणाली,
कुणाकडेच न बघता.

"वितळवू नकोस," बेय म्हणाले, "काम सुरेख आहे.
धू, झळाळी दे, मधोमध लाव."

मी धुतलं. जुन्या ब्रशने तारांमधलं पीठ काढलं.
पीठच होतं ते, मळलेलं, वाळून दगड झालेलं.
आणि मधोमध नाही लावलं.
खांबामागे ठेवलं, कळ भिंतीकडे,
शेजारी दुसरं काही नाही,
उगाच कुणाची नजर एकावरून दुसऱ्यावर घसरायला नको.
सतरा वर्षं विकायला शिकले,
ते सगळं उलटं करून मांडलं.

एप्रिलात दंव पडलं.
एका रात्रीत कोवळी फांदी काळी,
बाजारात लोक हळू आवाजात बोलू लागले.
निगार जायची यायची,
समोरच्या फुटपाथने.

ऑगस्टच्या शेवटी एक मुलगी आली,
एका बाजूला आई, दुसरीकडे होणारी सासू.
मधल्या रांगा बघून कंटाळली,
चारशे बांगड्या एकाच सुरात ओरडत होत्या.
मग मान वाकडी करून तिने खांबामागे पाहिलं.
"ते एकटं काय आहे?"

एकटं.
हा तर माझाच नियम, पहिल्या दिवशी शिकलेला:
जे विकायचं त्याच्याभोवती जागा सोड.

मी काढून दिलं. वजन सांगितलं, खरं.
कळ जरा अडते, म्हणाले,
अंगठ्याने आतून दाबावी लागते.
"जमेल," ती म्हणाली,
आणि पहिल्याच खेपेला जमलं.

संध्याकाळी बेय खांबाजवळ येऊन थांबले.
मखमलीवर कड्याचा गोल उमटला होता.
"बघ," म्हणाले, "कोपरा चालतो.
उद्या इथे दिवा बसवू."

दिवा नको, मी म्हणाले.
धंद्याच्या दृष्टीने म्हणाले.